शालनच्या अंगणातली मुकी पालखी

मोबाइलवर शालनचं नाव उमटलं की मी कधी हॅलो म्हणत नसे. बटण दाबायचं आणि गप्प राहायचं. पलीकडून तीही गप्प. मग जिला आधी हसू फुटेल तिनं एक प्रश्न विचारायचा, दुसरीनं उत्तर द्यायचं, आणि त्याशिवाय पुढचं बोलणं सुरू करायचं नाही, असा आमचा जुना नियम. प्रश्न तरी कसले, तर "आज कालवणात काय घातलंस?" नाहीतर "फणसाला कुयऱ्या धरल्या का गो?" त्या सकाळी चुलीवर पाणी तापत होतं, मी अंगणात पातेलं घासत बसले होते, आणि शालनचा फोन आला. ओल्या हातानंच घेतला आणि सवयीप्रमाणे गप्प राहिले. पलीकडेही गप्पच. म्हटलं, आज बाई जास्तच ताणतेय. तेवढ्यात तिच्या मुलाचा, महेशचा आवाज आला.

"मावशी, मी बोलतोय, आईच्या फोनवरून. आधी विचारा काहीतरी."

मला वाटलं, पोराला पुढं करून माझी मस्करी चालवलीय. म्हटलं, "बरं रे बाबा, सांग, आज तुमचा कोंबडा आरवला का?"

"आरवला, मावशी… पण आईनं नाय ऐकला."

रात्री जेवूनखाऊन झोपली ती झोपेतच गेली होती. मी कितीतरी वेळ पातेलं मांडीवर घेऊन तशीच बसून होते. आणि तुम्हाला खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की काय उत्तर दिलं पोरानं! आईच्याच वळणावर गेलाय. शालन असती तर म्हणाली असती, बरोबर, ओळख पटली, जोडते हं… आता या गोष्टीला थोडे आठवडे झाले. म्हणून लिहायला बसलेय. पण रडगाणं लिहायचं नाही असं ठरवलंय, कारण त्या बाईसोबत मी आयुष्यात जेवढी हसले तेवढी कुणासोबत हसले नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, आणि मग टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीवरून. पोलादपूरला एसटी स्टँडासमोर माझा पीसीओ होता. पिवळी पाटी, काचेचं खोकं आणि आत लाल आकड्यांचं मीटर. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ तो. वरच्या डोंगरातल्या गावांत फोन नव्हते. कुडपणचा असो की उमरठचा, ज्याला कुठं बोलायचं असेल तो खाली उतरून माझ्या खोक्यात यायचा. आणि त्यातले निम्मे फोन महाडच्या एका रसायनांच्या कारखान्यात जायचे, कारण घराघरातला एखादा तिथं पाळीवर. कारखान्यात टेबलं कितीही असली तरी बाहेरून येणाऱ्या आवाजाला दार एकच, आणि त्या दारावर, म्हणजे टेलिफोनच्या बोर्डावर, शालन बसलेली. तिला सगळे बोर्डवाल्या बाई म्हणत. बाहेरचा फोन आधी तिच्याकडे यायचा, मग कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं, कुणाचा निरोप घ्यायचा, हे ती ठरवायची. आम्ही एकमेकींना बघितलेलंसुद्धा नव्हतं. मी तिला "महाड" म्हणायचे, ती मला "पोलादपूर". "काय गो पोलादपूर, सकाळपासून गप्प? पाऊस हाय का काय तिकडं?" असं तीच मधूनमधून विचारायची.

आता ही ओळख विचारायची पद्धत कशी पडली, ते सांगते. आमच्याकडे कबड्डीचं वेड किती, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. सामने लागले की गावातल्या संघाला खेळाडू कमी पडायचे, कारण चांगले चांगले गडी कारखान्यात पाळीवर. मग कुणीतरी माझ्या पीसीओवर येऊन रडका आवाज काढायचा, "आई सिरियस हाय, त्याला ताबडतोब पाठवा." गडी सुटी घेऊन निघायचा तो थेट मैदानावर. शालननं एकदोनदा सोडले. मग एका रविवारी ती स्वतः सामना बघायला गेली, आणि ज्याच्या आईसाठी तिनं देवाला हात जोडले होते तो गडी चढाई करून येताना दिसला. शेजारी त्याची आई शेंगा खात बसलेली! दुसऱ्या दिवसापासून शालननं नियम केला. घरचा फोन आत सोडण्याआधी घरातलीच काहीतरी गोष्ट विचारायची. दारात झाड कसलं, चूल कुठल्या बाजूला, असलं काहीतरी.

एकदा कुडपणची एक बाई घाट उतरून आली. दम लागलेला, पदरानं तोंड पुसत होती. तिचा नवरा पाळीवर, आणि सासरे खरंच पडले होते. मी नंबर लावून दिला. पलीकडून शालननं, मलाही ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "तुमच्या म्हशीचं नाव काय?" ती बाई माझ्याकडे बघायला लागली, मग फोनमध्ये ओरडली, "अगो, म्हशीला कोण नाव ठेवतं? म्हस ती म्हस! माजा सासरा हितं लोळतोय आनि तुला म्हशीचं पडलंय?" मला वाटलं, झालं, आता ठेवते फोन. तर शालन शांतपणे म्हणाली, "बरोबर. जोडते हं." मी नंतर विचारलं, अगं बरोबर काय त्यात? तर म्हणाली, "खोटं बोलणारीनं लगेच चंद्री नाहीतर कपिला सांगितलं असतं. खरी होती म्हणून भांडली." जोडते हं… हे ती असं म्हणायची, की माणसाला वाटावं आता सगळं नीट होणार. डोंगरातल्या बायका माझ्या खोक्यातून बाहेर येऊन म्हणायच्या, ती बाई जोडते म्हणाली ना, मग झालं.

आमची गाठ पडली तीही आवाजावरूनच. मी मनात तिचं चित्र काढलं होतं, गोरी, जाडजूड, मोठं कुंकू लावणारी. एक दिवस माझ्या खिडकीशी काठीसारखी उंच, सावळी बाई आली आणि म्हणाली, "एक लोकल लावायचा होता." मी मान वर न करताच म्हटलं, "महाड?" ती म्हणाली, "पोलादपूर?" आणि आम्ही दोघी खिडकीच्या दोन बाजूंना अशा हसत सुटलो, की आत बोलत असलेला माणूस काच ठोकून म्हणाला, "बाय, जरा हळू, मला मुंबई नाय ऐकू येत!" मी तिला म्हटलं, तू इतकी वाळकी कशी गो, आवाज तर भरलेल्या घागरीसारखा. ती म्हणाली, "आणि तू मला म्हातारी वाटली होतीस." मी तिच्याहून मोठीच, पण ते मी तिला बरीच वर्षं सांगितलं नाही.

पुढं कारखान्यात नवीन यंत्र आलं. टेलिफोनची कामं बघणारे सलीमभाई म्हणून होते, मोठे हुशार आणि हसरे. त्यांनी शालनला सांगितलं, की आता साहेब लोकांनी बाहेरगावाहून कारखान्याला फोन करायचा, यंत्र उचलेल, मग आपला चार आकड्यांचा गुप्त नंबर दाबायचा की यंत्र ओळखणार आणि आत घेणार. आत आलं की मुंबई ऑफिसशी बोला, ठेवलेले निरोप ऐका, आपला फोन दुसरीकडे वळवा, जणू आपल्या टेबलाशीच बसलोय. कुणाला असा नंबर द्यायचा, कुणाचा काढून घ्यायचा, ते शालनकडे. पाळीच्या सुपरवायझरांनाही नंबर मिळाले आणि सगळे खूश झाले. मग पावसाळा आला. उमरठचे एक सुपरवायझर माझ्या खोक्यात शिरले, डोकं खाजवलं आणि बाहेर तोंड काढून विचारलं, "मावशी, आमची महाडवरनं शेवटची गाडी किती वाजता सुटते?" मी वेळ सांगितली. त्यांनी ती फोनवर दाबली! यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा दाबली. चूक. मग त्यांनी यंत्राच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार केला. तोवर दुसरे एक आले, तेही आपल्या गावची गाडी विचारू लागले, त्यांनाही यंत्र आत घेईना. मी शालनला सांगितलं तेव्हा तिला अर्ध्या मिनिटात उलगडलं आणि बाई खुर्चीवरून पडायची राहिली. झालं होतं काय, तर लक्षात राहावं म्हणून सगळ्यांनी आपापल्या गावच्या एसटीची वेळ गुप्त नंबर म्हणून ठेवलेली, आणि पावसाळ्यासाठी एसटीनं वेळापत्रक बदललं होतं. लोकांच्या डोक्यात नवी वेळ, यंत्राच्या डोक्यात जुनी!

हसून झाल्यावर मात्र ती गंभीर झाली. म्हणाली, "पोलादपूर, म्हणजे जो कोण स्टँडावरचा फळा वाचेल तो आमच्या कारखान्यात शिरेल." सगळे नंबर तिनं त्या दिवशीच बंद केले आणि एकेकाला बोलावून नवा नंबर ठेवायला लावला. अट एकच, एसटीच्या पाटीवर नको, घराच्या पाटीवर नको, जन्मसाल नको. एकजण वैतागून म्हणाला, "बाई, मग आमच्याकडं दुसरा आकडाच नाय!" हा किस्सा ती इतक्या वेळा सांगायची, आणि दरवेळी त्या माणसाचा चेहरा करून दाखवायची…

आणि मग तिच्या घरी ते संकट आलं. शालनचं सासर तुडीलचं, सावित्रीच्या काठी. सासूबाई, तिच्या आत्याबाई, न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. नवरा शेतीवर, महेश शिकायला बाहेर. घरात दिवसभर माणूस हवं. शालननं मला फोन केला. प्रश्नबिश्न काही विचारला नाही, तिथंच मला कळलं. म्हणाली, "सोडते गो बोर्ड. दुसरं काय करणार? आत्याबाईंना कुणाच्या भरवशावर टाकू?"  तिला बोर्ड म्हणजे नुसती नोकरी नव्हती. त्या खुर्चीत बसली की ती अर्ध्या तालुक्याची बहीण असायची. शिवाय ती उठली असती तर त्या जागी दुसरी बाई येणार नव्हती, हे तिला माहीत होतं. मुंबई ऑफिसला कधीपासून तिथं यंत्राचा ठरीव आवाज बसवायचा होता, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. कुडपणहून उतरलेली बाई काय दाबणार होती?

सलीमभाईंनी मार्ग काढला. ते म्हणाले, "ताई, साहेब लोक बाहेरून आत येतात, मग बोर्डच बाहेर गेला तर?" म्हणजे कारखान्यात येणारा फोन उडी मारून तुडीलला तिच्या घरी यायचा, तिनं तिथून आकडे दाबून ज्याला हवा त्याला जोडायचा. सकाळी आपला गुप्त नंबर दाबून बोर्ड उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा. तेव्हा असलं आमच्याकडे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. कारखान्याचे मॅनेजर देशपांडे साहेब भले गृहस्थ, पण भित्रे. त्यांनी शिमग्यापर्यंत करून बघा म्हणून सांगितलं, आणि एक अट घातली. बोर्ड घरात आहे हे मुंबईला कळता कामा नये. तिथले मोठे साहेब, नायर म्हणून होते, फार कडक. त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी यंत्र येईल आणि शालनची सुटी.

झालं. तुडीलच्या त्या घराचं ऑफिस झालं. माजघराच्या कडेच्या खोलीत टेबल, टेबलावर कारखान्यानं दिलेला फोन, शालनच्या डोक्याला ती कानात घालायची तार. आवाज अडवायला तिनं चारी भिंतींना आणि दाराला गोधड्या टांगल्या. मी बघायला गेले तर आत उकाड्यानं जीव जायची पाळी. म्हटलं, "अगं, हे ऑफिस हाय का बाळंतिणीची खोली?" कोंबड्या शेजारच्या वाड्यात पाठवल्या, पण कोंबडा रोज कौलावरून परत यायचा आणि नेमका मुंबईचा फोन चालू असताना आरवायचा. म्हैस हंबरली की शालन म्हणायची, "गेटवर ट्रक लागलाय वाटतं, साहेब." आणि आत्याबाई! त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं जग बहिरं आहे असं समजून त्या बोलायच्या. "शालन, चाय!" अशी हाक आली की नदीपलीकडं कुणीतरी आधण ठेवावं. मग शालननं त्यांच्या उशाशी देवघरातली घंटी ठेवली. म्हणाली, काही हवं तर वाजवा. त्यांना ते इतकं आवडलं, की काही नको असलं तरी त्या वाजवायच्या. मला म्हणाल्या, "आता मी पन आफिसात हाय."

गावाला हे सगळं माहीत होतं, आणि गावानं ते जिवापाड लपवलं. तिच्या दारावरून जाताना लोक चपला हातात घ्यायचे. पोरांच्या क्रिकेटची जागा बदलली. मासळीवाली हाक न मारता दारात उभी राहून टोपली दाखवायची. शालनच्या जागेवर यंत्र बसलं तर आपला निरोप पोचणार नाही, हे त्यांनाही कळत होतं ना.

असं करत करत शिमगा आला. मी पीसीओवर दुसरं माणूस बसवून तुडीलला गेले होते. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ढोल, ताशे, सनई, आणि पालखी खांद्यावर, डोक्यावर घेऊन नाचवतात. कुठल्या घरी कधी जायचं याचा क्रम बापजाद्यांपासून ठरलेला, त्यात बदल नाही, आणि एखादं घर वगळायचं तर त्याहून नाही. आणि नेमकी शालनच्या घराची वेळ आली तेव्हा मुंबईहून निरोप आला, की आत्ताच तिकडचे नायर साहेब, महाडचे देशपांडे साहेब आणि परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक, तिघं एकाच वेळी फोनवर बोलणार. तिघांना जोडायचं आणि शेवटपर्यंत लाइनवर राहायचं शालननं. मुदतीचा शेवटचा आठवडा. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. ढोल तर दोन घरांपलीकडे वाजत होता.

मीच धावत गेले. ढोल वाजवणारा धर्मा, सगळ्यात जुना गडी. त्याला सांगितलं. माणसं गोळा झाली, कुणी म्हणालं, नंतर येऊ. म्हातारे म्हणाले, देव मागं फिरत नाय. धर्मानं ढोल गळ्यातून काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "देवी जाईल. आमी गप जाऊ."

आणि मग मी जे बघितलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पालखी शालनच्या अंगणात आली ती मुकी. ढोल नाही, सनई नाही, बोंब नाही. पंचवीस-तीस बापये अनवाणी, सारवलेल्या अंगणात पालखी नाचवताहेत, आणि आवाज फक्त त्यांच्या श्वासांचा. पालखीच्या घुंगरांना कुणीतरी टॉवेल गुंडाळलेला. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. म्हैस आधीच नदीवर नेलेली. कोंबडा एका माणसानं काखेत धरून त्याची चोच दाबलेली, आणि तो कोंबडा असा बघत होता की जणू देवीकडे गाऱ्हाणं घालतोय. आत्याबाईंची घंटी मी काढून घेतली होती, त्या पलंगावरून हातवारे करून मला शिव्या देत होत्या. मी ओटीचं ताट धरून खोलीच्या दारात, एक डोळा आत, एक डोळा बाहेर. आत गोधड्यांमध्ये शालन, घामानं निथळत, "येस सर, कनेक्टेड सर" म्हणतेय, आणि फटीतून पालखीला हात जोडतेय.

शेवटी बोलणं संपलं. परदेशातला माणूस गेला, देशपांडे साहेब गेले. शालन तार काढणार इतक्यात थांबली. नायर साहेब अजून लाइनवर होते. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, त्यांचं बोलणं तिनं नंतर शब्दनशब्द सांगितलं. त्यांचं मराठी मोडकंतोडकं. ते म्हणाले, "शालनबाई, तुमच्या घरी सगळा ठीक आहे ना?"

शालन म्हणाली, "घरी? साहेब, मी ऑफिसात…"

"नाय, नाय. आज कोंबडा नाय ओरडला. म्हैस पण नाय. आणि ती म्हातारी आई बेल मारते, ती पण नाय. मला भीती वाटला. आई… आहे ना?"

 त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मुंबईच्या त्या बंद ऑफिसात हा माणूस रोज सकाळी महाडला फोन लावून कोंबड्याची वाट बघत बसायचा. केरळात त्यांच्या गावी नदीकाठीच घर होतं म्हणे, किती वर्षांत जाणं झालं नव्हतं. आणि इकडं आम्ही गोधड्या टांगत होतो!

शालननं खरं सांगून टाकलं. म्हणाली, "आई छान आहेत साहेब. दारात देवाची पालखी आलीय. तुम्हाला कळू नये म्हणून सगळा गाव गप्प उभा आहे."

 साहेब म्हणाले, "देव आला आणि माझ्यासाठी गप्प? असा नाय करायचा. वाजवायला सांगा. मी ऐकतो."

शालन उठली. वायर जेमतेम दारापर्यंत पुरली. तिनं एका हातानं दारावरची गोधडी ओढून खाली टाकली, फोन अंगणाकडं धरला, आणि त्या भरल्या घागरीसारख्या आवाजात ओरडली, "धर्मादादा, जोडा!"

काय ढोल वाजला म्हणता! धर्मानं सगळ्या गप्प वेळाची भरपाई एका थापेत केली. कोंबडा सुटला तो थेट पालखीवर जाऊन बसला. आत्याबाई घंटी द्या, घंटी द्या म्हणून ओरडू लागल्या, मी दिली, तर त्या ढोलाच्या तालावर वाजवू लागल्या. शालन एका हातात फोन, दुसऱ्या हातानं देवीची ओटी भरतेय, आणि हसतेय की रडतेय ते तिचं तिला ठाऊक.

नायर साहेबांनी देशपांडे साहेबांना सांगितलं, बोर्ड आहे तिथंच राहू दे. गोधड्या उतरल्या, धुतल्या, पुन्हा अंगावर घ्यायच्या कामाला लागल्या. आत्याबाई पुढं काठी घेऊन हिंडू लागल्या, तरी बोर्ड घरीच राहिला. शालन तिथूनच निवृत्त झाली. घराघरांत फोन आले, मग मोबाइल आले, माझं पिवळं खोकं मी कधीच मोडीत काढलं. पण त्या शिमग्यापासून तुडीलमध्ये एक पद्धत पडली ती पडलीच. पालखी शालनच्या अंगणात आली की आधी ढोल थांबतो. पहिला फेर मुका. सगळे अनवाणी, गप्प नाचतात. मग शालननं दारात येऊन "जोडा" म्हणायचं, आणि ढोलावर थाप पडायची. लहान पोरांना तर वाटतं, देवीची ही पद्धत शिवकाळापासूनचीच आहे. गेल्या वर्षी शालन मला म्हणाली होती, "बघ गो पोलादपूर, रीत कशी पडते ते आपण डोळ्यांनी बघितलं."

यंदाचा शिमगा ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी आला. माझे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत, म्हणून मी घरीच होते. दुपारी मोबाइल वाजला, वर तिचंच नाव. मी बटण दाबून गप्प राहिले. पलीकडूनही काही नाही… पण ते रिकामं गप्प नव्हतं. कान लावला तर अनवाणी पायांचा आवाज, सारवलेल्या जमिनीवर, कितीतरी पायांचा. श्वास. टॉवेल गुंडाळलेल्या घुंगरांची हलकीशी खसखस. मग महेश हळूच म्हणाला, "मावशी, पालखी आलीय. दुखवट्याचं घर, म्हणून वाजवायचं का नाय, कुणाला सुचत नाय. म्हातारे म्हणतात नको. धर्माकाका म्हणतात, पोलादपूरला विचार."

मागून धर्माचा थकलेला आवाज आला, "बाय, देवी उभी हाय."

 शालननं कधी कुणाला लाइनवर ताटकळत ठेवलं नाही. मी म्हटलं, "महेश, आधी सांग, कोंबडा कुठंय?"

"धरलाय, मावशी. चोच दाबून धरलाय."

"बरोबर," मी म्हटलं. "सोड त्याला. आणि फोन दाराकडं धर."

मग मी माझ्या अंगणात उभी राहून, शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार न करता, सगळा जीव गोळा करून ओरडले, "धर्मादादा, जोडा!"